पणजीची मान कोणी मोडली? कोतवाल बुकातून निघालेलं प्रकरण

महालचा_ओटा

लेकीच्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनसाठी जात पडताळणी करायची होती. ओबीसीला 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला घरात होता, पण नेमक्या जातीच्या रकान्यावर शाई सांडलेली. वकील म्हणाले, गावचं कोतवाल बुक काढा, त्यात जन्ममृत्यूच्या नोंदी जातीसकट असतात. आमचं मूळ गाव काटोल तालुक्यात. तिथे आता आमचं कोणी नाही, शेत नाही, घराचा पायाही उरलेला नाही. आजोबांच्या जन्माची 1915 ची नोंद मिळाली, काम झालं. पण मला खाज. म्हटलं, आलोच आहे तर 1918 ची पानंही मागून घेतो.

का, ते सांगतो. आमच्या घरात पणजोबांचं नाव कोणी तोंडाने घेत नाही. आजोबा सही करताना मधलं अक्षर गाळत. लग्नपत्रिकेत, अर्जात जिथे लिहावंच लागे तिथे लिहीत, पण नातवंडांपैकी कोणालाही ते नाव ठेवलं नाही. लहानपणी आम्हाला एवढंच कळलं होतं, तेही दाराआडून: पणजोबांनी पणजीची मान मोडली. आजोबा तेव्हा तीन वर्षांचे. त्यांच्या मामाने त्यांना उचलून नागपूरला इतवारीत आणलं आणि पणजोबा परागंदा झाले. पितृपक्षात पणजीची अविधवा नवमी आजही होते. पणजोबांच्या नावाने कधी पाणी सोडलं नाही.

आता कोतवाल बुकात काय निघालं बघा. ऑक्टोबर 1918. आमच्या घरच्या चार नोंदी.
21 तारखेला पणजोबांची आई.
24 ला पणजी.
25 ला पाच वर्षांचा मुलगा.
29 ला आठ महिन्यांची मुलगी.
नऊ दिवसांत चार. मरणाचं कारण चारही ठिकाणी एकच शब्द, आणि तो मोडीत आहे. तहसिलीजवळच्या एका म्हाताऱ्या अर्जनविसाने 'ताप' असं वाचून दाखवलं. फोटो सोबत जोडतो.

म्हणजे घरात दोन लेकरं आणखी होती, हेच मला पन्नाशीत कळतंय. घरात आता एकच व्यक्ती आहे जिला हे विचारावं किंवा सांगावं, ती आमची आत्या. वय 84, डोकं एकदम लख्ख, पण बीपी आहे. तिला सांगू का? की नको?

तर्री_पोहा

बाप रे. सकाळी सकाळी काय वाचाले लावलं भाऊ.

बोरू_टाक

फोटो मोठा करून पाहिला. 'ताप'च आहे, शंका नको. पण आणखी दोन गोष्टी दिसल्या. पणजींच्या ओळीत नाव नाही, नुसतं 'औरत' आणि पुढे पणजोबांचं नाव. अशा नोंदींत बायकांचं असंच होतं, तेव्हा गांगरू नका. दुसरी गोष्ट, 26 तारखेपर्यंत हस्ताक्षर एकाचं आहे आणि 27 पासून दुसऱ्याचं. पहिला टाक चांगला धरायचा, ओळी मोकळ्या ठेवायचा. दुसऱ्याने एका ओळीच्या जागेत दोन-दोन नावं कोंबली आहेत. तुमची आठ महिन्यांची मुलगी दुसऱ्या हाताने लिहिलेली आहे.

महालचा_ओटा

@बोरू_टाक, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मागची पानं पाहिली तर एरवी महिन्याला दोन-चार ओळी आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरला पानंच्या पानं.

अजब_बंगला

ऑक्टोबर 1918 म्हणजे इन्फ्लुएन्झा, ज्याला जग 'स्पॅनिश फ्लू' म्हणतं. मुंबईत जूनमध्ये पहिली लाट आली, ती त्या मानाने सौम्य. सप्टेंबरनंतरची दुसरी लाट मारक निघाली आणि रेल्वेच्या रुळांवरून आत शिरली. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशात सगळ्यात जास्त मार खाल्लेल्या भागांपैकी. त्यात त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेलेला, धान्य महाग, लढाई चालू. देशभरात मेले त्यांचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटीपर्यंत आहेत. 1911 ते 1921 या दहा वर्षांत तेव्हाच्या अखंड भारताची लोकसंख्या जेमतेम सव्वा टक्क्याने वाढली, त्याचं मोठं कारण हेच.

कारणाच्या रकान्याबद्दल थोडं. सरकारी तक्त्यात ठरलेले प्रकार असायचे: कॉलरा, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे रोग, इजा आणि इतर. इन्फ्लुएन्झाला स्वतंत्र घर नव्हतं, त्यामुळे बहुतेक मेलेले 'ताप' या घरात गेले. मान मोडली असती तर 'इजा' लिहायला हवं होतं.

कोर्टकचेरी

थांबा जरा. मी उलटतपासणी घेतो, राग मानू नका.

कोतवाल बुकात 'ताप' लिहिलंय म्हणून ताप झाला, हे कोणी सांगितलं? लिहिणारा वेगळा, सांगणारा वेगळा. घरच्या माणसाने 'ताप' सांगितलं की ताप. खून असता तर ठाण्यात मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल व्हायला हवा होता, 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 174 होतंच. पण गाव मरत असताना कोण ठाण्यात जाणार? उलट बायको मारायची तर त्यासारखा महिना नाही. चार तिरड्यांत एक आणखी. आणि मामा काय वेडा होता का, भाच्याला उगीच उचलून न्यायला?

संत्राबर्फी

@कोर्टकचेरी, तुमच्याकडे लोक चहाला बोलावतात का हो? 😄

कोर्टकचेरी

बोलावतात, पण कप मोजून ठेवतात.

संत्राबर्फी

धागाकर्ते, माझं स्पष्ट मत, आत्याला सांगू नका. 84 वर्षं ज्या समजुतीवर काढली ती आता हलवून तिला काय मिळणार? आमच्याकडे माझ्या भावाने असाच वंशावळीचा नाद केला. गोंदियाच्या एका काकांपर्यंत पोचला आणि त्यातून कळलं की आमच्या आजोबांचं आधी एक लग्न झालं होतं. आजी तेव्हा 90 ची. तिला हे जाऊन सांगितलं. ती शेवटची दोन वर्षं आजोबांच्या फोटोला हार घालू देत नव्हती.

सावजी_रस्सा

वंशावळीत नेहमी दुःखच निघतं असं नाही. आमच्या घराण्यात पणजोबांनी वाघ मारल्याची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालू होती. भिंतीवर भाला लटकवलेला. मी जुने कागद शोधले तं त्यात नुकसानभरपाईचा अर्ज निघाला. वाघानं पणजोबांची म्हैस मारली होती. भाला अजून भिंतीवरच आहे, म्हशीचं कोणाले सांगितलं नाही.

तर्री_पोहा

म्हशीचा फोटो लावा नं भिंतीवर, खरी शहीद तेच होय.

लिंबूसोडा

वंशावळ हवी असेल तर त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे विचारलंत का? गाव आणि आडनाव सांगितलं की नामावळी काढतात. आमच्या सात पिढ्या एका दुपारी मिळाल्या, खाली आजोबांची सही. हरिद्वारच्या पंड्यांच्या बह्यांची तर अमेरिकेतल्या युटाच्या लोकांनी मायक्रोफिल्म करून ठेवली आहे.

बोरू_टाक

@लिंबूसोडा, त्या वहीत जो यात्रेला गेला त्याची शाखा असते. काटोलकडचा सामान्य कास्तकार 1900 च्या आसपास नाशिकला पोचला असेलच असं नाही. या लोकांचा पुरावा कोतवाल बुक, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर आणि बंदोबस्ताची मिसल (शेत कोणाच्या नावे, ते सांगणारे जुने सरकारी कागद) एवढ्यातच. शिवाय नामावळीत नावं मिळतात. माणूस मेला कसा, ते तिथे नसतं.

कोर्टकचेरी

मिसल पाहाच. पणजोबा परागंदा झाल्यावर शेत कोणाच्या नावे चढलं? मान मोडल्याची गोष्ट ज्याच्या सोयीची, त्याने ती पेरली असंही होऊ शकतं. मी दोन्ही बाजूंनी बोलतो, फी एकच.

महालचा_ओटा

@कोर्टकचेरी, जुन्या सचिवालयातल्या अभिलेखागारात आणि तालुक्याला दोन्हीकडे विचारून आलो. बंदोबस्ताच्या कागदात शेत पणजोबांच्या नावे आहे. त्यानंतरचं जे पान हवं होतं त्याची वाळवीने जाळी केली आहे. आता नावाच्या जागी आरपार दिसतं. तुमचा हा धागा इथेच तुटला.

मोवाडची_माहेरवाशीण

मी सहसा लिहीत नाही, वाचून जाते.

आत्याला सांगावं असं मला वाटतं. का, ते सांगते. 30 जुलै 1991 ला वर्धा नदीचं पाणी मोवाडात शिरलं. 204 माणसं गेली. माझी मावशी त्यात होती. मी तेव्हा अकरावीत, आम्ही नागपुरात. पेपरात मृतांच्या याद्या यायच्या, बाबा रोज सकाळी उभ्या-उभ्या वाचायचे. तिचं नाव होतं, पण आडनाव चुकून भलतंच छापलेलं, वयही दहा वर्षांनी जास्त. ती आपली नव्हे असं म्हणून आम्ही ते पान बाजूला ठेवलं आणि नऊ दिवस तिला जिवंत धरून बसलो. आई रोज तिच्यासाठी एक पोळी जास्त करायची, की येईल ती उपाशी येईल.

पुढे वीस वर्षांनी आईनेच ते पान पेटीतून काढून दाखवलं. तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बोलली नव्हती. मला तेव्हा आईचा इतका राग आला की विचारू नका. नंतर वाटलं, एकटीने नऊ दिवस तिने ते कसं पेललं असेल. तुमच्या आत्यालाही काहीतरी माहीत असेल. म्हाताऱ्या माणसांना आपल्यापेक्षा नेहमी थोडं जास्तच माहीत असतं. ती कोणी विचारायची वाट बघत असतात.

तर्री_पोहा

🙏

अजब_बंगला

@महालचा_ओटा, वर्तमानपत्रं पाहिलीत का? 1918 चं नागपूर म्हणजे 'हितवाद' निघत होता, 1911 पासून, पण तो इंग्रजी, गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचा. मराठीत गोपाळराव ओगल्यांचा 'महाराष्ट्र' 1914 ला सुरू झालेला. पुण्याचा 'केसरी' तर होताच, त्यात वऱ्हाड-नागपूरची पत्रं यायची. तुमच्या पणजोबांचं नाव मिळेल अशी आशा धरू नका. पण खेड्यांतले मास्तर बातमीपत्रं पाठवायचे, ती बारीक टाइपात आतल्या पानावर असतात. ती बघा. आणि जुना कागद ओलं बोट लावून उलटू नका. लिहावं लागतंय कारण लोक लावतात.

वर्धेची_आजी

नातवानं ही जागा दाखवली, तेव्हापासून रोज वाचते. आज लिहिते. चूकभूल द्यावी घ्यावी.

तुम्ही सगळे मान मोडली, मान मोडली करून राहिले. अरे बाळांनो, त्या तापाचं नावच मानमोडी होतं. माझी आजी 'मानमोडीच्या साली' असंच म्हणायची. "मानमोडीच्या साली तुझा बाप पोटात होता." ताप चढला की मान धरवत नसे, माणूस मान टाकायचा, म्हणून मानमोडी. तिच्या माहेरची पाच माणसं गेली मानमोडीत. "मानमोडीनं नेलं" म्हणायची.

तुमच्या पणजीला मानमोडीनं नेलं असेल. ऐकणाऱ्यानं मान मोडली ऐकलं.

संत्राबर्फी

अंगावर काटा आला.

सावजी_रस्सा

आजी, दंडवत. आम्ही इथे तीन दिवसांपासून कलमं लावून राहिलो अन् तुम्ही एका शब्दात फाईल बंद केली.

महालचा_ओटा

मी हे ऑफिसात वाचलं. उठून बाहेर गेलो, अर्धा तास व्हरायटी चौकात नुसता उभा होतो. शंभर वर्षं. एका शब्दावरून.

स्टेथो_धंतोली

आजींच्या सांगण्याला वैद्यकाची जोड देतो. 1918 च्या आजारात मान, पाठ, डोकं भयंकर दुखायचं. आपल्याकडे 2006 ला चिकुनगुन्या आला तेव्हा अख्खं नागपूर वाकून चालत होतं, आठवतंय ना? तसंच काहीसं समजा, पण जीवघेणं. न्यूमोनिया झपाट्याने व्हायचा. रक्तातला प्राणवायू कमी पडला की ओठ, कान, चेहरा निळा-जांभळा पडायचा, काहींना तर काळसर. नाकातून रक्त यायचं. आता विचार करा, सासू तीन दिवसांपूर्वी गेलेली, घरात एकटा नवरा, आणि शेजारणीने दारातून बाईचं तोंड पाहिलं: निळं-काळं, नाकातोंडाला रक्त. गळा दाबल्यावर माणूस कसा दिसतो याची लोकांची जी कल्पना असते, नेमका तसाच चेहरा. त्यावर शब्द 'मानमोडी'.

आणखी एक. ही साथ एरवीच्या फ्लूसारखी नुसती म्हातारी आणि लेकरं नेत नव्हती. वीस ते चाळिशीतली धडधाकट माणसं गेली, आपल्या देशात बायका जास्त. पणजींचं वय किती होतं?

महालचा_ओटा

नोंदीत 23 लिहिलंय.

कोर्टकचेरी

आजींचा मान राखून बोलतो. डॉक्टरांचं चित्र फार सुबक आहे, आणि सुबक चित्राची मला भीती वाटते. मानमोडी हा शब्द त्या वेळी सगळ्या गावाला माहीत होता. मामाही त्याच काळातला. त्याला मानमोडी आणि मान मोडणं यातला फरक कळत नव्हता? गैरसमज झाला असेल तर पुढच्या पिढीचा. मामाचा नाही. मग मामाने पणजोबांना दार का बंद केलं?

वर्धेची_आजी

वकीलसाहेब, बहीण मेली की भावाला कोणावर तरी राग काढावाच लागतो. ताप कोणाच्या दारात जाऊन भांडायला सापडतो का?

तर्री_पोहा

ऑब्जेक्शन ओव्हररूल्ड.

बोरू_टाक

तिथीचं पाहिलं. त्या वर्षी दसरा 15 ऑक्टोबरला, ज्या दिवशी शिर्डीला साईबाबांनी समाधी घेतली. लक्ष्मीपूजन 3 नोव्हेंबरला. तुमच्या घरची चारही माणसं कोजागिरी आणि दिवाळी यांच्या मधल्या आश्विन वद्यात गेली.

महालचा_ओटा

आठवडाभर गायब होतो. कारण सांगतो.

शहरातल्या एका जुन्या वाचनालयात बांधलेले खंड आहेत. कोणतं साप्ताहिक ते लिहीत नाही, कारण मला फोटो काढू दिले ते तोंडी परवानगीवर. नोव्हेंबर 1918 च्या एका अंकात, आतल्या पानावर, आमच्या शेजारच्या गावच्या मास्तरांचं पत्र सापडलं. मथळ्यातच 'मानमोडी' आहे. आजी, तुमचा शब्द, ठसठशीत टाइपात. मी ग्रंथपालाच्या टेबलासमोर मोठ्याने "आहे!" म्हणालो आणि तिथले पेपर वाचणारे सगळे आजोबा माझ्याकडे बघायला लागले.

पत्रातला मजकूर आठवून सांगतो. पाऊस नाही, ज्वारीचा भाव परवडत नाही, दवाखान्यातलं औषध संपलंय. तिरडीला बांबू नाहीत, सरणाला लाकूड नाही. मग आमच्या गावाचं नाव घेऊन लिहिलंय की एका घरी खांदा द्यायला चार माणसं मिळाली नाहीत. कर्त्या माणसाने आई आणि बायको दोघींना आपल्याच बैलगाडीत घालून नेलं, दोन वेगळ्या दिवशी, एकट्याने. आणि तिसऱ्या खेपेला तोच तापाने गाडीत पडला. बैल गाडी घेऊन आपणच घरी परत आले.

माणसाचं नाव नाही. गावाचं आहे. आई, मग बायको, मग तिसरी खेप, हा क्रम कोतवाल बुकाशी जुळतो. मास्तरांनी त्या तिसऱ्या खेपेत गाडीत कोण होतं ते लिहिलेलं नाही. मला माहीत आहे. पाच वर्षांचा होता.

मी ते पान तीनदा वाचलं. मग महालापर्यंत चालत घरी आलो.

मोवाडची_माहेरवाशीण

बैल आपणच परत आले.

पुढे काही लिहवत नाही.

कोर्टकचेरी

मी माझा युक्तिवाद मागे घेतो. पूर्ण नाही, कारण नाव नाही आणि नावाशिवाय ओळख पटत नाही. पण मागे घेतो.

अजब_बंगला

@कोर्टकचेरी, तुम्ही हे लिहिलंत याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

लिंबूसोडा

एक शंका. 29 ला मुलगी गेली तेव्हा पणजोबा स्वतः तापात असणार. मग नोंद कोणी सांगितली? आणि तीन वर्षांचे आजोबा कोणाकडे होते?

महालचा_ओटा

@लिंबूसोडा, हाच प्रश्न मला झोपू देत नव्हता. म्हणूनच शेवटी आत्याकडे गेलो.

तर्री_पोहा

गेलात!! सांगा पटकन. मी पोहे बाजूला ठेवले.

संत्राबर्फी

बीपी मोजलं होतं ना आधी?

महालचा_ओटा

मोजलं. माझंच जास्त निघालं.

आत्या नंदनवनात राहते. रविवारी दुपारी गेलो, बायकोलाही नेलं, आत्याला ती माझ्यापेक्षा जवळची. कागद काढले नाहीत आधी. नुसतं विचारलं, "आत्या, मानमोडी म्हणजे काय गं?" ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, "तो ताप होता जुना. बाबांच्या घरचे त्यातच गेले."

मी गारच पडलो. म्हटलं, मग आम्हाला ते मान मोडली म्हणून का सांगितलं सगळ्यांनी? ती म्हणाली, "ते मामांच्या घरच्या बायका बोलायच्या. बाबा काही बोलत नसत. बाबा बोलले नाहीत म्हणून मीही बोलले नाही." आजोबांना तापाचं माहीत होतं का, असं विचारलं तर म्हणाली, "काय माहीत. ते त्यांच्या बापाचं नाव निघालं की उठून नळावर जायचे."

मग मी कागद काढले. चार नोंदी वाचून दाखवल्या. लेकरांचं तिलाही माहीत नव्हतं. पाच वर्षांच्या मुलाचं नाव नोंदीत आहे. ते ऐकून ती थांबली. आमच्या सगळ्यात मोठ्या काकांचं तेच नाव. आजोबांनी पहिल्या मुलाला ते ठेवलं होतं. घरात सगळे म्हणायचे की ते नाव कुठून आलं कोण जाणे, सिनेमातलं असेल.

म्हणजे आजोबांना भाऊ आठवत होता. तीन वर्षांचे असूनसुद्धा. की नंतर कोणी सांगितलं, माहीत नाही.

@लिंबूसोडा, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. मामा संत्र्याच्या हंगामात गाड्या भरायला काटोलकडे जायचे. त्या फेरीत ते पोचले तेव्हा पणजोबा शुद्धीवर नव्हते आणि आजोबा शेजारच्या गोठ्यात सापडले, असं आत्याच्या आजीने, म्हणजे मामींनी, एकदा सांगितलेलं. मामांना वाटलं बापाने लेकराला टाकून दिलं. मुलीची नोंद कोणी सांगितली ते शेवटपर्यंत कळलं नाही.

वर्धेची_आजी

मला वाटलंच होतं. सांगितलं नव्हतं मी, रागाचं?

स्टेथो_धंतोली

पणजोबा त्या तापातून वाचले म्हणायचे?

महालचा_ओटा

वाचले. हे आता शेवटचं सांगतो.

मास्तरांचं पत्र वाचून दाखवल्यावर आत्या बराच वेळ गप्प होती. मग तिने बायकोला विचारलं, चहा टाकतेस का. बायको आत गेली तेव्हा मला म्हणाली, "मी सहा-सात वर्षांची असताना दिवाळीच्या सुमाराला एक माणूस यायचा. डोक्यावर संत्र्याची टोपली. ओट्याच्या कडेला बसायचा, आत यायचा नाही. बाबा घरात असले तरी बाहेर यायचे नाहीत. आई टोपली आत घ्यायची, रिकामी करून परत ठेवायची. कोण आहे विचारलं तर गावचा माणूस म्हणायचे. दोन-तीन वर्षं आला, मग नाही आला. एकदा ऊन होतं, मी त्याला तांब्याभर पाणी नेऊन दिलं. त्याने ते सगळं प्यायलं नाही. अर्धं प्यायला आणि अर्ध्याने तोंड धुतलं, आणि माझ्याकडे बघत बसला. मला भीती वाटली, मी आत पळाले."

मग म्हणाली, "म्हणजे मी दिलं होतं की रे पाणी."

संत्राबर्फी

मी म्हटलं होतं सांगू नका. माझं चुकलं. रडतेय.

कोर्टकचेरी

तो संत्रीवाला पणजोबाच, हे कशावरून?

महालचा_ओटा

कशावरूनच नाही. आत्या म्हणते म्हणून.

कोर्टकचेरी

चालेल.

लिंबूसोडा

मृत्यूची तिथी माहीत नसेल तर सर्वपित्री अमावस्येला करतात. किंवा रामटेकला अंबाळ्यावर. आमचे ओळखीचे आहेत तिथे, हवं तर क्रमांक व्यक्तिगत निरोपातून देतो.

महालचा_ओटा

आत्यानेही सर्वपित्रीच म्हटलं. नैवेद्यात संत्रं ठेवायचं म्हणते. तेव्हा संत्र्याचा हंगाम नसतो, असं मी म्हटलं तर म्हणाली, "शीतगृहातलं आण. नागपुरात राहतोस ना?"

सावजी_रस्सा

आत्या जबरदस्त आहे. म्हशीचं मीही आता घरी सांगून टाकतो.

तर्री_पोहा

लेकीच्या व्हॅलिडिटीचं काय झालं ते कोणी विचारूनच नाही राहिलं.

महालचा_ओटा

झाली. ॲडमिशनही झाली. संगणक नाही मिळालं, मेकॅनिकल मिळालं. पहिल्या दिवशी फॉर्मवर पूर्ण नाव लिहायला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "पणजोबांच्या वडिलांचं पण लिहू का?" म्हटलं, तेवढा रकाना नसतो बाळा.

बुटीबोरी_लोकल

उशिरा आलो, सगळं वाचलं नाही, माफ करा. कोतवाल बुकाची नक्कल किती दिवसांत मिळते? माझ्या पोराचा राउंड पुढच्या सोमवारी आहे, आमचं गाव उमरेडकडचं, नोंद मोडीत आहे म्हणतात.

महालचा_ओटा

मला आठवड्यात मिळाली. वर्ष नक्की माहीत असलं तर लवकर होतं. वाचायला @बोरू_टाक यांना विचारा.

बोरू_टाक

फोटो पाठवा. उजेडात काढा, पानावर स्वतःची सावली पडू देऊ नका. आणि नुसती हवी ती ओळ नको, आख्खं पान पाठवा.